माझं चुकलं, म्हणणाऱ्या सायराकुल एजे

आमच्या गावात डॉक्टर कधी टिकला नाही. यायचा, एक हिवाळा काढायचा आणि बदली करून घ्यायचा. तीस वर्षं दवाखाना चालवतायत त्या नर्स सायराकुल एजे. वयाने मोठ्या, म्हणून सगळ्या गावाच्या एजे, म्हणजे आमच्या भाषेत ताई. सुया टोचतात, बाळंतपणं करतात, पिऊन आलेल्याला दारातूनच हाकलतात.

मी शाळेत पीटीचा मास्तर. कोविड झाला, ताप आठ दिवसांत उतरला, पण अंगातलं बळ परत आलंच नाही. पाण्याची एक बादली आणली की छाती धडधडायची. वर्गातल्या पोरांची नावं आठवेनात. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "काही नाहीये तुम्हाला. मनावर घेऊ नका." गावात बोलणं सुरू झालं, मास्तरला पगारी झोपेची चटक लागलीय.

एजेंनीही आधी हटकलंच. "मुकाश, पडून राहिलं की अंग आंबतं. रोज पुलापर्यंत चालायचं."

चौथ्या दिवशी पुलावरच पाय गळाले. शेजाऱ्याने घोड्यावर घालून घरी आणलं. नऊ दिवस कुशीवर वळायचंही त्राण नव्हतं.

दहाव्या दिवशी एजे आल्या. माझ्या बायकोने, बुबुइराने, चहा दिला, तो त्यांनी तसाच ठेवला.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मीच तुला चालायला लावलं."

"तुम्हाला काय माहीत होतं, एजे?"

"माहीत नव्हतं, तरी ठासून बोलले. या दुखण्यातलं मला कळत नाही, मुकाश. तुला कळतं. तू सांग, मी लिहून घेते."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी रडलो असं बुबुइरा सांगते, आणि मी नाही म्हणत नाही.

मग दर मंगळवारी त्या वही घेऊन यायच्या. काय केलंस, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, सगळं टिपायच्या. दोन महिन्यांत दोघांच्याही लक्षात आलं, फटका त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी बसतो. म्हणून दमायच्या आधीच थांबायचं. जन्मभर पोरांना "आणखी एक फेरी" म्हणून पळवणाऱ्या मला ते जमेना. एकदा चोरून लाकडं फोडली.

"कोणी फोडली ही?" एजेंनी विचारलं.

"बुबुइराने."

"बुबुइराचा घाव सरळ पडतो."

वसंतात त्या माझ्याबरोबर जिल्ह्याला आल्या. डॉक्टर पुन्हा मनावरच्या ताणाचं बोलू लागले, तेव्हा एजेंनी वही पुढे सरकवली. "साहेब, आधी हे वाचा. आम्ही बसतो."

डॉक्टरांनी अकरा पानं वाचली. मग खुर्ची जवळ ओढून मला विचारलं, "उठून उभं राहिल्यावर नाडी किती वाढते?" त्या दिवशी त्यांनी नाडीसाठी गोळी सुरू केली आणि शाळेला अर्ध्या दिवसाच्या कामाचं पत्र लिहून दिलं.

मी बरा झालो असं नाही. दोन तास शिकवतो, तेही मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून. वरच्या गावातल्या दोन बायकांनाही हेच दुखणं आहे. एजेंनी त्यांच्या नावाच्याही वह्या सुरू केल्यात. गेल्या उन्हाळ्यात मोटारीने दोन दिवस डोंगरावरच्या कुरणात जाऊन आलो. तंबूत पडून घोडींची धार काढल्याचा आवाज ऐकला, त्यांच्या आंबवलेल्या दुधाचं ताजं कुमिस प्यालो आणि खाली आल्यावर फक्त एकच दिवस झोपून काढावा लागला.