पश्चिमेची खोली

दुपारी जेवण झालं की मला पाचदहा मिनिटांची डुलकी लागते आणि त्या डुलकीत मी घरं फिरतो. विकलेली, न विकलेली, सगळी एकमेकांत घुसलेली. एका फ्लॅटच्या स्वयंपाकघराचं दार उघडावं तर भलत्याच इमारतीची गच्ची लागते आणि तिथं कुणाचे तरी कपडे वाळत असतात. बावीस वर्षं नागपुरात घरं दाखवतोय, मला दुसरं काय दिसणार! बायको हलवून उठवते, "झोपेतबी चाब्या शोधून राहिले काय?"

लोक घर पाहायला येतात तेव्हा आधी दिशा पाहतात. मोबाइलमध्ये होकायंत्र उघडून हॉलच्या मधोमध गोल फिरतात. मग लिफ्ट, मग पार्किंग. कूलर कुठं लावायचा, हे पूर्वी पहिल्याच दमात विचारायचे, हल्ली कुणी विचारत नाही. नव्या इमारतींत बाहेरून कूलर टांगायला बंदीच असते, दर्शनी भाग वाईट दिसतो म्हणे. हा नियम ज्यानं काढला त्याला मे महिन्यात सातव्या मजल्यावर एक अख्खी दुपार बसवावं, असं माझं जुनं मत आहे. गिऱ्हाइकासमोर ते मी कधी काढत नाही. पश्चिमेच्या खोल्यांचे फ्लॅट आम्ही दलाल मंडळी हिवाळ्यातच विकून मोकळे होतो.

त्या काकू अशाच डिसेंबरात आल्या. विणकराच्या घरातल्या. घरातले हातमाग बंद होऊन बरीच वर्षं झालेली, नवरा गेलेला, राहत्या घराच्या वाटण्या झालेल्या. वाट्याला जे आलं त्यात एक घर होणार होतं, तेही एकदाच. मुलगा विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत कामाला, सकाळी जाणार तो अंधार पडल्यावर येणार. दिवसभर घरात राहायचं होतं ते काकूंनाच. मुलाला फोटोंवरून सातव्या मजल्यावरचा एक फ्लॅट आवडला होता, पण शेवटचा होकार आईचा, असं त्यानं मला सांगून ठेवलं होतं.

मी सवयीनं सकाळी अकराची वेळ दिली. काकू फोनवर म्हणाल्या, "सकाळी काय पाहाचं गा भाऊ? सकाळी सारेच घरं चांगले दिसतात. दुपारी दाखवा."

तीन वाजता त्या आल्या, पिशवीत चादर घेऊन. घरात माग चालायचे तेव्हा जेवणानंतर सगळे तिथंच मागाशेजारी जमिनीवर आडवे व्हायचे, त्यांनी सांगितलं. दुपारची झोप लागते की नाही, हीच त्यांची घर पारखायची रीत. आजवर कुणी गिऱ्हाइकानं माझ्यासमोर अशी परीक्षा घेतली नव्हती, मला गंमतच वाटली. त्यांनी पश्चिमेच्या खोलीत चादर अंथरली, पदर तोंडावर ओढला आणि थोड्याच वेळात त्यांचा श्वास संथ झाला.

मी हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकून बसलो. डिसेंबरचं पिवळं ऊन खिडकीतून हळूहळू आत सरकत त्यांच्या पायांशी आलं. बंद काचेपलीकडे एक विमान आवाज न करता उतरत होतं. खालचा रस्ता दुसऱ्याच कुठल्या गावाचा असावा इतका लांब वाटत होता. माझेही डोळे मिटले. डुलकीत ते घर माझंच होतं. आत कुणीतरी चहा टाकला होता, आणि मला ते घर कुणालाच दाखवायचं नव्हतं. जागा झालो तेव्हा इतकं गोड वाटत होतं की क्षणभर उठावंसंच वाटेना.

काकूही उठून बसल्या होत्या. चेहरा निवलेला. चादरीची घडी करता करता त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात कसं राहते गा भाऊ अठी?"

मला माहीत होतं. खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीसमोर झाड नाही, दुसरी इमारत नाही. वरच्याच मजल्यावरचा फ्लॅट मी एकदा मे महिन्यात दाखवला होता आणि भिंतीला हात टेकवून चटका खाल्ला होता. मी सांगणारही होतो. पण ती झोप अजून अंगावर होती, काकू इतक्या समाधानी दिसत होत्या, आणि ते सुख आपण कशाला मोडायचं असं मला वाटलं. कमिशन तेव्हा डोक्यात नव्हतं, असं मी आजही स्वतःला सांगतो.

"वरचा मजला आहे काकू, हवा खेळते," मी म्हणालो. खोटं नव्हतंच ते. उन्हाळ्यातली भाजणारी लूसुद्धा हवाच असते. पुढच्या आठवड्यात बयाणा झाला.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. "कुरड्या केल्या, घेऊन जा." चारच्या सुमारास गेलो. काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांचा पदर ओला होता. सगळ्या खिडक्यांवर जुन्या चादरी टांगलेल्या, पश्चिमेच्या खोलीचं दार लावलेलं, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला. एसी होता, पण त्यानं त्यांचे गुडघे धरायचे, म्हणून तो मुलगा घरी असला की त्याच्या खोलीत चाले. बाथरूमलगतच्या अरुंद बोळात ओली चादर टाकून काकू दुपार काढत होत्या.

"झोप तं येतच नाही आता," त्या हसत म्हणाल्या. "माह्यंच आंग गरमी सहन करत नाही. वय झालं नं." मग मला बोळाशी नेऊन त्या बाजूला सरकल्या. "अठी बसा तुम्ही. अठी जरासं थंड आहे."

मी बसलो. तेवढी एकच जागा गार होती, आणि ती मला देऊन काकू पलीकडे कोरड्या फरशीवर बसल्या होत्या. मला फार लाज वाटली. कुरड्यांची पिशवी घेऊन गुपचूप निघून जाता आलं असतं, पण उठवेना.

"काकू," मी म्हणालो, "मले माहीत होतं. तुम्ही विचारलं तवाच माहीत होतं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग सांगाचं होतं नं गा भाऊ," त्या म्हणाल्या. "आपण दुसरं पाहिलं असतं."