समईभोवतीचे रंग

५ डिसेंबर १९३९. दवाखाना पुढच्या गल्लीत हलवायचा आहे, म्हणून आज औषधांचं कपाट रिकामं केलं. वाळलेली मलमं फेकली, ड्रॉपर उकळून घेतले, बाटल्यांना नव्या चिठ्ठ्या डकवल्या. मागच्या खणात, बोरिक कापसाच्या गुंडाळीआड, निळ्या मखमलीची डबी निघाली. आत काचेच्या दोन इवल्या वाट्या, अंड्याच्या टरफलासारख्या पातळ. आमच्या बुवांचे डोळे.

‘आवाज द्या, आवाज. आवाजाला नंबर लागत नाही.’ समोरून कोणी आलं की बुवा उजव्या डोळ्याचा कोपरा बोटाने कानाकडे ओढत आणि असं म्हणत. डोळा असा चिमटला की त्यांना जरा बरं दिसे. चष्मा होता, पण तो इतका जाड, की त्यातून त्यांचे डोळे मसुरीच्या दाण्यांएवढे दिसत.

बुवा कीर्तनकार, राहायला आमच्याच गल्लीत. तुम्ही कीर्तनं ऐकली असतील तर तुम्हाला सांगायला नको की हे उभ्याने करायचं, नाचायचं, घामाने निथळायचं काम आहे. चष्मा त्यात टिकत नाही. मनमाडला रेल्वेच्या लोकांपुढे बुवांनी जयजयकाराला अशी गिरकी घेतली की चष्मा उडून तबल्यावर पडला, आणि ऐन रंगात आलेल्या तबलजीने त्याच्यासकट थाप मारली. चष्मा काढून उभं राहिलं तर आणखी पंचाईत. एकदा त्यांनी मोठ्या प्रेमाने पेटीवाल्याच्या कपाळाला बुक्का लावला तो थेट त्याच्या उघड्या तोंडात गेला. पेटीवाला उरलेलं कीर्तन काळ्या दातांनी गायला.

अशाच एका कीर्तनाला मुंबईचे एक कापडाचे व्यापारी आले होते. त्यांना बुवांची दया आली. विलायतेहून शिकून आलेल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ते बुवांना घेऊन गेले, आणि काही महिन्यांनी बुवा ही डबी घेऊन परतले. चष्म्याऐवजी थेट डोळ्यात बसवायच्या काचा. नाशकात तोवर कोणी पाहिल्या नव्हत्या. मुंबईच्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना सूचना लिहून पाठवल्या, आणि आमच्या डॉक्टरांनी ते काम नेहमीप्रमाणे माझ्यावर टाकलं. मी त्यांच्याकडे नर्स.

सूचना सोप्या होत्या. हात साबणाने धुवायचे. काच उकळून निवलेल्या मिठाच्या पाण्याने भरायची. दोन तासांच्या वर ठेवायची नाही. आणि धूसर दिसू लागलं, दिव्याभोवती रंग दिसू लागले, की घड्याळ न बघता काढायची.

घालणं मात्र सोपं नव्हतं. पाण्याने भरलेली काच सांडू नये म्हणून मान इतकी खाली घालावी लागे की तोंड जमिनीला समांतर व्हावं, आणि मग काच खालून वर डोळ्याला लावायची. आत बुडबुडा राहिला की पुन्हा पहिल्यापासून. बुवांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणतो, समोर परात धरून बसत. एकदा पाचव्यांदा पाणी सांडलं तेव्हा म्हणाल्या, ‘देवापुढे इतके वाकला असतात तर त्यानेच डोळे दिले असते.’

काचा घालून केलेल्या पहिल्याच कीर्तनात गल्लीची अब्रू गेली. बुवांना श्रोते प्रथमच दिसत होते. पहिल्या रांगेत आमचे एक वकील वर्षानुवर्षं बसत आणि बुवांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत. बुवा त्यांना जाणकार समजत. त्या दिवशी बुवा बोलता बोलता थांबले, दोन पावलं पुढे आले आणि हळूच म्हणाले, ‘वकीलसाहेब, तुम्ही झोपता होय?’ पुढच्या कीर्तनाला वकील खांबाआड बसले. जांभया देणाऱ्या बायका पदर तोंडावर घेऊ लागल्या. ‘बुवांचे जुने डोळेच बरे होते’, असं दोघीतिघींनी मला दवाखान्यात येऊन सांगितलं, जसं काही ते बदलून देणं माझ्या हातात होतं.

मग गेल्या सालचा चैत्र आला. गल्लीतल्या राममंदिरात रामनवमीपर्यंत रोज बुवांचं कीर्तन. एका संध्याकाळी आख्यान लांबलं. बुवा एकाएकी थांबले आणि देवापुढच्या समईकडे बघत राहिले.

‘मंडळी,’ ते म्हणाले, ‘समईभोवती इंद्रधनुष्याचं कडं आलंय. रामरायाच्या मुखावर तेज पडलंय. मला दिसतंय हो.’

त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बायकांनी हात जोडले. पेटीवाल्याने डोळे पुसले. मी देवळातलं घड्याळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी सायखेड्याहून बैलगाड्या आल्या. लोक समईकडे बघत, काही दिसलं नाही की बुवांच्या डोळ्यांकडे बघत, आणि तेवढ्यावर समाधान मानून घरी जात. मी कीर्तनाआधी बुवांकडे गेले. काकू दारातच म्हणाल्या, ‘दुपारपासून डोळे घालून बसलेत. उशिरा घातले तर तेज उशिरा येतं म्हणे.’

मी त्यांचाच कंदील पेटवून बुवांपुढे धरला.

‘याच्याभोवती काय दिसतं?’

‘बाहेर तांबडं, आत निळं,’ बुवा भाबडेपणाने म्हणाले.

‘आणि हा कुठला देव?’

‘बाई, तो चराचरात आहे.’

‘बुवा, बुबुळाला सूज आलीय. काढा त्या काचा.’

‘काढीन. आठवडाभर तुम्ही म्हणाल तसं राहीन. पण नवमीपर्यंत नाही. एवढी माणसं लांबून येऊन बसतात, त्यांना काय सांगू, आज तेजाला सुट्टी आहे?’

मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर स्वतः गेले, रागावले. बुवा ‘हो’ म्हणाले आणि डॉक्टरांची पाठ वळताच परातीपुढे वाकले.

नवमीला दुपारी रामजन्म झाला, पाळणा म्हणून झाला, आणि बुवा उपरणं डोळ्यावर दाबून दवाखान्यात आले. त्या दिवशी त्यांनी ‘आवाज द्या’ म्हटलं नाही. उजवा डोळा लाल गुंज झाला होता, उजेड सोसत नव्हता, आणि काच चिकटून बसली होती. डॉक्टरांनी खालची पापणी काचेच्या कडेखाली हलके दाबली तेव्हा ती सुटली. मग त्यांनी डोळ्यात रंगाच्या औषधाचा थेंब टाकला. जिथे जखम असते तिथे तो हिरवा धरतो. बुबुळावर हिरवा ठिपका उमटला.

‘डाव्याची सूज उतरेल,’ डॉक्टर म्हणाले. ‘हा चिघळला तर गेला.’

ॲट्रोपिनचे थेंब, बोरिकच्या पाण्याने धुणं, गरम पाण्याच्या घड्यांचा शेक, वर पट्टी आणि अंधारी खोली. मी सकाळ-संध्याकाळ जात असे. शेजाऱ्यांची औषधं आधीच पोचलेली असत. कोणी डोळ्यात घालायला मध आणला होता, कोणी गुलाबपाणी, कोणी गंगेवरून गोदेचं पाणी तांब्या भरून. मध मी काकूंच्या फडताळात ठेवला, बाकीचं तुळशीला घातलं. तुळस चांगली फोफावली.

एकदा शेक देताना बुवांनी विचारलं, ‘बाई, ते तेज म्हणजे मग काय होतं?’

‘सूज. काचेखाली बुबुळात पाणी भरतं. त्यातून दिवा बघितला की रंग दिसतात. नक्की का भरतं ते विलायतेतल्या डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही.’

‘नुसती सूज?’

‘नुसती सूज.’

मी घडी पिळली, पुन्हा ठेवली.

‘सूज सुंदर होती हो,’ बुवा म्हणाले.

देवळाचे पंच समाचाराला आले. पुढचं कीर्तन कधी, लोक विचारतात, एवढं झाल्यावर हळूच म्हणाले, ‘बुवा, डोळे आले होते असं सांगा. लोकांच्या श्रद्धेला कशाला धक्का?’ पंच गेल्यावर बुवांनी माझ्याकडे तोंड वळवलं. ‘काय सांगू, बाई?’

‘माझं काम डोळ्यापुरतं,’ मी म्हटलं, आणि पट्टी बांधली.

जखम भरली. डोळा राहिला, पण बुबुळावर मोहरीएवढं पांढरं फूल राहिलं आणि त्या डोळ्याने दिसायचं ते आणखी कमी झालं. वैशाखात बुवा पुन्हा उभे राहिले. एका डोळ्यावर पट्टी, तिच्यावरून जुना चष्मा, तो पडू नये म्हणून मागून सुतळीने बांधलेला. देऊळ गच्च भरलेलं. पंच पुढे बसलेले.

‘आज आख्यान माझ्या बुबुळाचं,’ बुवांनी सुरुवात केली. ‘मंडळी, मला जे दिसलं ते तेज नव्हतं. सूज होती. कंदिलाभोवतीही तेच कडं दिसायचं. मला सांगितलं होतं, तरी मी काचा काढल्या नाहीत, कारण तुम्ही येत होता. मला ते आवडत होतं.’

पंचांनी मान खाली घातली. काही माणसं उठली, चपला शोधू लागली. कोणीतरी मागून म्हणालं, ‘म्हणजे आमचं भाडं फुकट.’ बुवा हात जोडून उभे होते. तेवढ्यात सायखेड्याची एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, ‘सूज तर सूज, बुवा. आमाला तेवढीबी नाय दिसत. तुमी पुढं चला.’

हसू फुटलं. अर्धे लोक तरी गेलेच, पण बुवा पुढे चालले. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. खांबाआडून वकील पुन्हा पहिल्या रांगेत आले होते आणि झकास मान डोलावत होते.

यंदाच्या श्रावणात बुवा तापाने गेले. दिवस झाल्यावर काकू ही डबी घेऊन दवाखान्यात आल्या. ‘घरात ठेवली की उघडून बघत बसते,’ म्हणाल्या. ‘तुमच्या कपाटात कोणी बघणार नाही.’ खरंच, आजपर्यंत कोणी बघितली नव्हती. मी काचा धुऊन, पुसून, नव्या कापसात ठेवल्या आणि डबी नेण्याच्या पेटीत टाकली.

६ डिसेंबर. आज सकाळी दवाखाना उघडला तर पायरीवर एक खेड्यातली बाई बसली होती. डोकं दुखतं, म्हणाली, आणि दिव्याभोवती रंगाची कडी दिसतात. डोळ्याच्या आतला ताण वाढला की असं होतं, आणि उशीर झाला तर डोळा जातो. ते मला लगेच कळलं. पण मी आधी विचारलं, ‘चांगली दिसतात का गं?’

तिने माझ्याकडे बघितलं. ‘लय चांगली दिसत्यात,’ ती म्हणाली, आणि जराशी लाजली.

मी तिला हाताला धरून उठवलं, आणि रांगेतल्या सगळ्यांच्या आधी डॉक्टरांकडे आत नेलं.