दहा बोटांवरची भुतं

मावशींनी लेकीचे दोन्ही हात मनगटाला धरून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "ताई, ही भुतं उतरवा. आत्ताच्या आत्ता."

भुतं मीच बसवली होती, त्याच आठवड्यात.

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका पार्लरमध्ये मी नेल आर्टिस्ट आहे. आमच्या मालकीणबाई जया भाभी. त्यांनी मोबाईलवर बघून हॅलोविन पॅकेज काढलं. हॅलोविन म्हणजे परदेशात भुताखेतांची सोंगं घेऊन मजा करतात तो दिवस. मी विचारलं, "भाभी, हे आपल्याकडे कोण करणार?"

"अरे, ऑफिसवाली लडकियाँ करेंगी. तू भूत बनाना सीख ले."

मी शिकले. पहिली आली ऋतुजा. राहायला वांगणी, नोकरी ऐरोलीला. ऑफिसात हॅलोविनची स्पर्धा होती. तिला एक्स्टेन्शन लावलं, म्हणजे तिच्या नखावर प्लॅस्टिकचं लांब नख चिकटवलं आणि त्यावर जेल दिलं. जेल लॅम्पखाली धरलं की कडक होतं, मग आठवडे हलत नाही. त्यावर डोळे-तोंड कोरलेले भोपळे, पांढरी भुतं, कोळ्याची जाळी, टोकांना ओघळणारं रक्त आणि अंगठ्यांवर उठावदार कवट्या. तिला पहिलं बक्षीस मिळालं.

बक्षिसाच्या दुसऱ्याच दिवशी घरी फोन आला. रविवारी तिला बघायला येणारे पाहुणे बदलापूरला कुणाकडे आले होते. आलोच आहोत तर आजच येतो म्हणाले, दुपारनंतर. मावशी लेकीला घेऊन तडक माझ्याकडे.

"आणि हा नखांचा आकार तरी कसला?" त्यांनी विचारलं.

"कॉफिन."

"म्हंजे?"

मी ऋतुजाकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"शवपेटी," मी म्हणाले.

मावशी खुर्चीत बसल्या.

जेल काढायचं तर आधी मशीनने वरचा थर घासायचा, मग ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस ठेवून वर फॉइल गुंडाळायचं आणि वाट बघायची. मी मशीन सुरू केली आणि लाईट गेली. शुक्रवार होता. आमच्याकडे शुक्रवारी मेंटेनन्सला लाईट जाते, कधी येणार ते विचारायचं नसतं. हाताने घासत बसले असते तर यांची कर्जत गाडी चुकली असती. ओढून काढलं तर खरं नख सोलून निघतं. मला घाम फुटला. पंखाही बंद होता म्हणा.

"हातमोजं घाल," मावशी लेकीला म्हणाल्या.

"पोहे देताना?"

"भाजलं म्हनून सांगू."

"दोन्ही हात? मग पोहे कोणी केले, विचारतील ना."

आता काढायचं नाही, बदलायचं, असं मी ठरवलं. कटरने नखं आखूड केली. रक्त तिथेच संपलं. साधी नेलपॉलिश घेतली, तिला लॅम्प लागत नाही, हवेवर वाळते. भोपळ्याचं तोंड बुजवून पाकळ्या काढल्या, झेंडू झाला. जाळीवर ठिपके दिले, रांगोळी झाली. भुतापाशी मात्र अडले. खाली रुंद, वर निमुळतं, पांढरंफटक. याचं काय करायचं?

मावशी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "याचे डोले पुसा. हा मोदक हाय."

मी भुताचे डोळे पांढऱ्या रंगाने बुजवले, कळ्या ओढल्या. मोदकच!

राहिल्या कवट्या. रंग दिला तरी दात वर येत होते. मग लक्षात आलं, कवटीला दोन डोळे आणि नाकाचं भोक असतं. नारळालाही तीनच डोळे. तपकिरी रंग मारला, दातांवर शेंडी काढली.

जया भाभींनी फोटो काढला. "अरे, ये तो दिवाली पॅकेज हो गया!"

मायलेकी नखांवर फुंकर मारत रिक्षात बसल्या. माझं त्या दिवशी कशातच लक्ष लागेना. संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला.

"ताई, मुलाच्या आईने हात हातात घेतला. म्हणाली, किती संस्कारी मुलगी, नखांवरसुद्धा नारळ!"

"मग? जमलं?"

"नाही. लग्नानंतर नोकरी सोड म्हणाले. मी नाही सांगितलं."

"आणि मावशी? चिडल्या असतील."

"चिडली ना, पण त्या मुलावर. पोह्यांत मीठ कमी आहे म्हणाला तो. पोहे आईने केले होते."

दिवाळीच्या तोंडावर एक बाई पार्लरमध्ये आल्या. वांगणीला बघायला गेलेल्या एका मुलीच्या नखांवर पाहिलं, तिनेच पत्ता दिला म्हणाल्या. दुसरीकडे मुलगी बघायला जायचं होतं, त्यासाठी त्यांना स्वतःला मोदक-नारळ हवे होते. मी मन लावून काढून दिले. मूळ डिझाइन काय होतं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हल्ली मी गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला की रंग नंतर विचारते. आधी विचारते, "या आठवड्यात घरी कोण येणार आहे?"