उशाखालची पिन

लग्नानंतरची काही वर्षं मी तंबूत काढली असं सांगितलं की लोकांना फार कौतुक वाटतं. त्यांच्या डोळ्यांसमोर सहल येते. माझ्या लेखी तंबू म्हणजे दोरीत पाय अडकणं, आमटीत पडणारा पाला आणि लोखंडाची राखण. त्यातली राखण सगळ्यात जास्त.

पन्नासच्या दशकाच्या शेवटाशेवटाची गोष्ट. आमचे हे सडकांच्या मोजणीवर ओव्हरसियर होते. कोळवणच्या खोऱ्यात नवी सडक कुठून न्यायची हे ठरवायचं काम चाललं होतं. खात्यानं त्यांना लष्कराच्या लिलावातली एक जीप दिली होती आणि तिच्यामागे जोडायला दोन चाकांचा ट्रेलर. तंबू, दुर्बीण, मोजणीच्या साखळ्या, माझी चूल, सगळा संसार त्या ट्रेलरवर. गावातले लोक त्याला जीपचं शेपूट म्हणत. हे शेपूट जीपला एका लोखंडी पिनेनं अडकवलेलं असे. अंगठ्याहून जाड, वीतभर लांब, वरच्या टोकाला कडी. ती नसली की जीप एकीकडे आणि संसार दुसरीकडे.

भुकूमच्या मुक्कामावर एकदा ती खरोखरच चोरीला गेली. पुण्याहून दुसरी येईपर्यंत मुक्काम हलेना, आणि वरच्या साहेबांनी ह्यांना चारचौघांत फैलावर घेतलं. तेव्हापासून ह्यांच्या मानगुटीवर पिनेचं जे भूत बसलं ते उतरेना. अंधार पडला की पिन काढायची, तेलाच्या फडक्यात गुंडाळायची आणि उशाखाली ठेवायची. ट्रेलरच्या चाकातून साखळी घालून ती आंब्याच्या बुंध्याला बांधायची, वर कुलूप. एवढ्यानंही समाधान होईना म्हणून दांड्याला बैलाच्या गळ्यातली घंटा टांगली. वारा आला की घंटा वाजे, हे धडपडत उठत आणि मी डोक्यावरून पांघरूण ओढून घेई. दिवसा मात्र पिन ट्रेलरच्या हत्यारपेटीत नुसती पडलेली असे. दिवसाउजेडी एवढ्या माणसांत कोण हात लावणार, असं ह्यांचं म्हणणं.

मी घर सोडून तंबूत का आले होते, तेही सांगायला हवं. आदल्या वर्षी आम्हाला मुलगी झाली होती. ह्यांच्या आत्यानं माझ्या उशाखाली अडकित्ता ठेवला होता. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड असलं की बाहेरचं काही फिरकत नाही, असं ती म्हणे. ह्यांनी हसत हसत तो काढून घेतला. "बाळाच्या डोक्याला लागेल," म्हणाले. पुढे मुलीला ताप भरला आणि बाराव्या दिवसाच्या आतच ती गेली. डॉक्टर म्हणाले, छाती जन्मतःच नाजूक होती. आम्हा दोघांनाही ते पटलं. पण दुसऱ्या दिवशी आत्यानं स्वयंपाकघरातून विचारलं, "अडकित्ता कुठाय?" एवढंच. तो अडकित्ता त्यानंतर मला घरात दिसला नाही आणि मी शोधलाही नाही. आम्ही त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

घरात बसवेना म्हणून मी ह्यांच्याबरोबर निघाले, तर इथंही बसवेना. भाताची कापणी होऊन खाचरं रिकामी झाली होती. मी बांधाबांधानं ओढ्यापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. चुलीवर काही ठेवलं की ते करपेपर्यंत मला आठवण नसे. दोघंही तसलेच. हे ट्रेलरभोवती फेऱ्या मारणार, मी खाचराभोवती.

त्यात आमच्या राखणदाराच्या बायकोला मुलगा झाला. राखणदार वरच्या डोंगरवाडीतला, अबोल, अंगानं काटक. मुक्कामापुरती त्यानं आमराईच्या कडेला झोपडी घातली होती. तिथं तो, त्याची बायको आणि म्हातारी आई. बाळ रडू लागलं की मी उठून ओढ्याकडे चालू लागायची. रीतीप्रमाणे बाळंतिणीला बघून यायला हवं होतं. मी म्हातारीच्या हाती गूळ आणि तूप पाठवलं आणि त्या झोपडीची वाट टाळत राहिले. मला त्या बाळाचा राग येत होता, खरं सांगते. ते जगणार असं मला वाटत होतं आणि त्याचाच राग येत होता.

पुढचा मुक्काम रिह्याला ठरला होता. निघायच्या आदल्या दिवशी भर दुपारी हे सामान भरायला लागले. हत्यारपेटी उघडली तर पिन नाही.

ह्यांनी पेटी उलटी केली, ताडपत्री झटकली, माझ्या पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिलं. मग राखणदाराला मोजणीवरून बोलावणं धाडलं. तो कमरेला कोयता खोचून धावत आला. साखळीच्या रेषेवर ठोकायच्या खुंट्या तोच तोडून देत असे, दिवसभर.

"पिन कुठाय?"

"मला ठावं न्हाई सायेब. म्या हितं हुतो कुटं?"

"राखण तुझी आहे ना? जीप ट्रेलरशिवाय चालते. पिन आत्ता मिळाली नाही तर तुला जीपमध्ये घालतो आणि पौडला फौजदारासमोर उभा करतो."

फौजदाराचं नाव निघताच तो दोन पावलं मागे सरला. डोंगरवाडीतल्या माणसावर एकदा चोरीचा आळ आला की खोऱ्यात कुठंही कोंबडी हरवली तरी लोक आधी त्याच्याच दाराशी जायचे. मग राखण नाही, खळ्यावर काम नाही. त्याला ते ह्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तो झोपडीकडे बघत उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "घरात बाळंतीण हाय, सायेब."

"मग आधी विचार करायचा होतास."

मला ते ऐकवेना. तिथं उभंही राहवेना. म्हातारी दिवसभर आमराईत पाचोळा गोळा करत फिरे, तिनं कुणाला पाहिलं असेल, असं मनाशी म्हणत मी झोपडीकडे निघाले. पाय ओढ्याकडे वळत होते, ते मी वळू दिले नाहीत.

आत धूर आणि ओव्याचा वास. बाळंतीण कुशीवर झोपली होती, बाळ तिच्या पोटाशी. आणि उशाला, गोधडीच्या घडीखालून, आमच्या पिनेची कडी बाहेर डोकावत होती.

मी काही विचारायच्या आत म्हातारीच बोलली. आवाजात ना भीती ना लपवाछपवी.

"त्ये व्हय? रोज आनते म्या. कोयता एकच हाय घरात. सकाळ झाली की त्यो घिऊन जातुया तुमच्या खुट्ट्या तोडाया. मग दिसभर बाळंतिणीच्या उशाला काय ठिवू? कोयता माघारी आला की खिळा तुमच्या पेटीत. राती तुमच्या सायबाच्या उशाला, दिसा आमच्या सुनंच्या उशाला. तुमी बी तर उशालाच ठिवता, त्यात इचारायचं काय?"

तिला वाटत होतं, हे पिन उशाखाली घेतात तेही त्याच कारणानं. माझ्या घरी काय झालं होतं ते कुणाकडून तरी तिच्या कानावर गेलं असणार. मी खाली बसले. वर्षभरानंतर पहिल्यांदा मी कुठंतरी नुसती बसले होते. बाळानं जांभई दिली. हात पुढे करून ती कडी ओढायची, एवढंच काम होतं, आणि माझ्यानं हात उचलवेना.

मी रिकाम्या हातांनी परतले. जीप सुरू होती, राखणदार मागे अंग चोरून बसला होता.

"अहो, उतरा खाली," मी म्हणाले. "पिन झोपडीत आहे. म्हातारी रोज नेते आणि संध्याकाळी परत ठेवते. ह्याला काहीही माहीत नाही. त्याचा कोयता तुम्ही दिवसभर इथं अडकवून ठेवता, म्हणून बाळंतिणीच्या उशाला ठेवायला नेते."

ह्यांनी इंजिन बंद केलं. मग राखणदाराला "उतर" म्हणाले, तेही इतक्या हळू की त्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

मला वाटलं, आता म्हणतील की तंबूची एखादी लोखंडी मेख द्या आणि पिन आणा. म्हणाले नाहीत. तंबूत गेले, स्वतःची ट्रंक उघडली. त्या ट्रंकेला मी कधी हात लावत नसे. तळातून त्यांनी तेलाच्या फडक्यातली एक गुंडाळी काढली, पिनेला असायचं अगदी तसलंच फडकं. आत आत्याचा अडकित्ता होता. गंजाचा एक ठिपका नाही. वर्षभर प्रत्येक मुक्कामावर तो आमच्याबरोबर हिंडला होता आणि मला पत्ता नव्हता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. झोपडीपर्यंत गेले, दाराबाहेर थांबले आणि अडकित्ता म्हातारीच्या हातात दिला. "हा ठेवा. काढू नका. रात्रीसुद्धा काढू नका."

म्हातारीनं पिन आणून दिली. ती हातात घेतली तेव्हा तिला अंथरुणाची ऊब असावी, कारण ह्यांनी ती पटकन दुसऱ्या हातात घेतली.

रिह्याच्या मुक्कामी पिन रात्रंदिवस हुकातच राहिली. घंटा काढून ह्यांनी एका गुराख्याला देऊन टाकली. मी मात्र तिथंही फेऱ्या मारत होते, आणि ह्या वेळी कशासाठी ते मला ठाऊक होतं. मी त्या बाळाच्या बाराव्या दिवसाची वाट बघत होते.

बारावा दिवस उलटल्यावर एका सकाळी म्हातारी खोरं ओलांडून चालत आली. पदराच्या गाठीतून अडकित्ता सोडला आणि ह्यांच्यापुढे धरला. "तुमची वस्त, सायेब."

हे तो घेईनात. "पोर?" त्यांनी विचारलं.

"लई दूध पितंय. राती झोपू देत न्हाई."

हे ट्रेलरच्या दांड्यावर बसले आणि रडू लागले. आमची मुलगी गेली तेव्हाही ते रडले नव्हते. म्हातारी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मी तिला चहा ठेवायचं सोडून ह्यांच्याशेजारी जाऊन बसले, आणि बसूनच राहिले.