आतल्यांची हाक

माझा थोरला भाऊ, डेल्मस हट्टो, बहिरा आहे हे अख्ख्या काउंटीला माहीत आहे, फक्त त्याला मान्य नाही. त्याच्या मते हल्ली लोकच पुटपुटतात. चर्चमध्ये पाद्री पुटपुटतो, दुकानात पोरगी पुटपुटते, मी तर जन्मापासूनच पुटपुटते. पण दिवस कलला की हाच माणूस गपगुमान दोन बादल्या रानाच्या कडेला बसायला पालथ्या घालतो, एक स्वतःला, एक मला. मग विचारतो, "व्हर्ना, बोलतायत का?" मी ऐकायचं आणि सांगायचं. नवरा गेल्यावर मी भावाकडे राहायला आले तेव्हा लोक म्हणाले, बिचारीला आधार मिळाला. आधार कसला डोंबलाचा. त्याला कान हवे होते, ते आयते मिळाले.

बोलतायत का म्हणजे लावे, तितरासारखे पण लहान पक्षी. डेल्मसने आयुष्यभर लावे पाळले, आणि तेही खायला नाही. शिकारी कुत्र्यांना शिकवायला. कुत्र्याचं नाक कितीही चांगलं असो, जिवंत पक्ष्याचा वास गवतात मिळाल्याशिवाय ते शिकत नाही. वास आला की थिजून उभं राहायचं, झडप घालायची नाही, पक्षी उडाला तरी मागे धावायचं नाही, हे सगळं खऱ्या पक्ष्यावरच शिकवावं लागतं. अगदी लहान पिल्लांना डेल्मस पारव्यांवर शिकवायचा. ते पारवे तो धान्याच्या गिरणीच्या कोठारातून गोणीत भरून आणायचा आणि डोक्यापासून बुटांपर्यंत शिटलेला घरी यायचा. पुढचं शिक्षण लाव्यांवर. एकदा त्याचं लग्नही ठरलं होतं. ती बाई घर बघायला आली, हात धुवायला आत गेली, तर बाथटबमध्ये वर दिवा लावून लाव्यांची पिल्लं ठेवलेली. ती हात न धुताच गेली. डेल्मसला तिच्याबद्दल विचारलं तर अजून सांगतो की त्या खेपेला पिल्लं फार छान जगली होती.

पहिली अंडी त्याला आमच्याच रानात मिळाली. आमचे वडील गवत कापत होते, यंत्राखाली घरटं आलं, मादी मेली. डेल्मस शाळकरी होता. त्याने अंडी टोपीत घालून आणली आणि आईच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. वडील म्हणाले, कोंबडीला मूर्ख बनवलंस, आता तीही तुझ्यासारखी होणार. त्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांचीच पिल्लं त्याने इतकी वर्षं राखली. इकडे दक्षिण जॉर्जियात तेव्हा लावे एवढे होते की उन्हाळ्यात कुंपणाच्या प्रत्येक खांबावरून शीळ यायची. पुढे सगळीकडे पाइनची झाडं लावली, बांध गेले, झुडपं गेली आणि रानातला लावा दिसेनासा झाला. विकत मिळणारे लावे म्हणजे कोंबड्याच, दोन वार फडफडतात आणि धपकन बसतात. त्यांच्यावर शिकलेलं कुत्रं पार बिघडतं. डेल्मसचे मात्र उडाले की छातीत धस्स व्हायचं. आमच्या मातीतल्या लाव्यांचं रक्त उरलं होतं ते एवढंच. आणि गेल्या वर्षी तेही एका खुराड्यापुरतं उरलं. अंडी कमी फुटत होती, डेल्मसचे गुडघे गेले होते. ह्या थंडीतून हे जगले तर वसंतात पुन्हा अंडी, नाहीतर संपलं. तो हे बोलून दाखवायचा नाही, पण रोज त्या खुराड्याकडे ज्या तऱ्हेने चालत जायचा त्यावरून मला कळायचं.

खुराडं रानाच्या मधोमध, चार पायांवर उभं. खाली जाळी, आणि तळाशी जाळीचंच एक नरसाळं. त्यातून पक्ष्याला आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. कुत्रं शिकवायला आणलं की अर्धे लावे सोडायचे, अर्धे आतच ठेवायचे. सगळे कधीही सोडायचे नाहीत. लावा एकटा झोपत नाही. संध्याकाळ झाली की आतले हाका मारतात, कोयली, कोयली, आणि गवतात विखुरलेले उत्तर देत देत पायी येतात आणि नरसाळ्यातून आत शिरतात. आतले बोलले तर बाहेरचे येतात, सगळा धंदा एवढ्यावर चालतो. आणि दुसरा नियम, बाहेरचा पक्षी रोग आणतो, तो खुराड्यात घालायचा नाही, मग तो देवदूताने आणून दिलेला का असेना. म्हणून डेल्मस आपल्या प्रत्येक लाव्याच्या पायात लाल कडी घालायचा.

नोव्हेंबरात टोबी रेनफ्रो आला. कुत्री शिकवणारे पूर्वी रांग लावायचे, आता हा एकटाच येतो. मनाने चांगला, तोंडाने त्याहून चांगला, आणि डोकं देवाने घाईघाईत भरलेलं. त्याने पर्ल नावाची पॉइंटर कुत्री आणली होती, पांढरी, कानावर पिवळा डाग. शनिवारी अर्धे लावे सोडले. पर्लने एक जोडी अशी रोखली की शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही. डेल्मस एवढा खूश झाला की टोबीला म्हणाला, "ही तुला शिकवेल, नीट लक्ष दे." पण दुसऱ्या जोडीवर ती धावली आणि सगळे लावे पार पलीकडच्या झुडपांत पांगले. त्या संध्याकाळी ते परतले नाहीत. असं होतं कधीकधी. आतले बोलत होते, लांबून उत्तर येत होतं. डेल्मस म्हणाला, उद्या येतील.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही चर्चला गेलो, तिथेच जेवलो. संध्याकाळी डेल्मस खुराड्याकडे गेला आणि मी बादलीवर बसून बघत होते, तर हा माणूस तिकडे गुडघ्यांवर बसला. मला वाटलं पडला. धावत गेले तर ह्याच्या डोळ्यांतून पाणी.

"व्हर्ना, कडी नाही," तो म्हणाला. "ह्यांच्या पायात कडी नाही. रानातले आलेत."

आत खरंच चार-पाच लावे जास्त होते, बिनकडीचे. मी म्हटलं, रानातले कुठून येतील, वर्षानुवर्षं एकाची शीळ ऐकली नाही मी, आणि माझे कान शाबूत आहेत. तो ऐकेना. पलीकडे ओढ्याच्या बाजूला राहिले असतील, म्हणाला. आपल्यांनी हाक मारली, ते आले. आयुष्यभर हाका मारल्या, आता आले. मी त्याला इतकं आनंदी बघितलेलं नव्हतं, लहानपणीसुद्धा नाही. त्या रात्री त्याने दोनदा जेवणाआधीची प्रार्थना म्हटली.

आणि मग आपलाच नियम विसरून त्याने जे केलं ते लाव्यांच्या वेड्यानेच करावं. त्याने नरसाळ्यावर फळी ठोकली. रानातले पक्षी बुजरे, वाट सापडली तर निघून जातील. त्यांना आधी आपल्यांबरोबर रुळू द्यावं, वसंतात जोड्या लागतील, नवं रक्त येईल. आपले सोडलेले चार दिवस बाहेर राहिले तर काही बिघडत नाही, हवा उबदार आहे. त्यांच्यासाठी त्याने झुडपांच्या कडेला दाणे टाकले. मी विचारलं, रानातले बुजरे म्हणतोस, मग तू हात घातलास तरी हे जागचे हलत का नाहीत? तर म्हणाला, दमलेत, लांबून आलेत.

रोज संध्याकाळी बाहेरचे हाक मारायचे. पहिल्या दिवशी आतून भरभरून उत्तर आलं. मग कमी. गुरुवारी आतून एकच बोलत होता, तोही मध्येच थांबला. मी सांगितलं, "डेल्मस, आतले बोलत नाहीत." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पुटपुटले. मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, थंडी पडली, पिसं फुगवून बसलेत म्हणून गप्प आहेत. पिसं फुगवून बसलेला लावा म्हणजे आजारी लावा हे ह्या काउंटीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. पण त्याला ते माहीत व्हायचंच नव्हतं.

शनिवारी टोबी परत आला. आठवडाभर तो कुत्र्यांच्या स्पर्धेला अलाबामात गेला होता. डेल्मसने त्याचा दंडच धरला आणि त्याला खुराड्याकडे नेलं, रानातले दाखवायला. टोबीने आत वाकून पाहिलं. दोन मेलेले होते, बाकीचे कोपऱ्यात माना खाली घालून, खाली पांढरं शिटलेलं. टोबीचं तोंड उतरलं.

"मिस्टर डेल्मस," तो म्हणाला, "ते मी ठेवले होते."

डेल्मसला ऐकू आलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. टोबीने मान खाली घालून बाकीचं मला सांगितलं, म्हणजे पुन्हा सांगायचं काम माझ्यावर आलं. मी माझ्या भावाच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, की ते रानातले नाहीत. ते टोबीचे विकतचे आहेत. रविवारी तो इथून जात होता, त्याच्याकडे शिकवून उरलेले चार-पाच होते, माना मुरगळायला त्याचं मन झालं नाही. आपण चर्चला गेलो होतो. त्याला वाटलं तुझ्याकडे कमी झालेत, तुला बरं वाटेल.

डेल्मसने आधी मेलेले दोन बाहेर काढले. मग टोबीला म्हणाला, "चांगल्या मनाने केलंस." त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला परवडलं असतं. मी मात्र दिल्या, टोबीला, त्याच्या आईला सोडून सगळ्यांना. तो ऐकून घेत उभा राहिला.

औषध पाण्यात घातलं, पण ज्यांनी पाणीच सोडलं त्यांना औषध कसलं. सोमवारपर्यंत आतले सगळे गेले, लाल कडीचे आणि बिनकडीचे. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, हा रोग मातीत वर्षानुवर्षं राहतो, ह्या जागी पुन्हा पक्षी ठेवू नका. डेल्मसने रॉकेल ओतून खुराडं जाळलं. स्वतःच्या हातांनी बांधलेलं. मी मदतीला गेले तर मला लांब उभं केलं.

बाहेरचे निरोगी होते. त्यांनी त्या पक्ष्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं. तेवढ्यावरच आशा होती. टोबीने नवी जाळी आणून रानाच्या दुसऱ्या टोकाला नवं खुराडं बांधून दिलं, स्वच्छ, नव्या मातीवर. पण आत हाक मारायला कोणी नाही. हाक मारायला लावा हवा, आणि तो विकत आणायचा तर पुन्हा तेच. टोबीने तो विषय काढला, डेल्मसने नुसतं बघितलं, विषय तिथेच मिटला.

आणि त्या संध्याकाळी ते आले. आठवडाभर झुडपांतून हाका मारत होते ते गवतातून पायी पायी, एकामागे एक, नीट जुन्या वाटेने आले आणि राखेवर उभे राहिले. जिथे नरसाळं होतं तिथे गोल फिरायला लागले. रोगाच्या त्याच मातीत चोची मारायला लागले. डेल्मस उठला. गुडघे दुखत असताना पळत गेला, टोपी काढली आणि आपल्याच लाव्यांवर उगारली.

"जा. चला, जा इथून."

त्यांच्या आजोबा-पणजोबांपासून त्याने त्यांना एवढंच शिकवलं होतं की संध्याकाळी इथे यायचं. ते चार हात मागे सरकले आणि परत आले. त्याने पुन्हा हाकललं, पुन्हा आले. तो रडत होता की दमला होता मला सांगता यायचं नाही. अंधार पडेपर्यंत हे चाललं. रात्री ते तिथेच उघड्यावर झोपले, गोल करून, शेपट्या आत आणि तोंडं बाहेर. सकाळी त्यांत एक पिसांचा ढीग होता.

असं रोज. ससाणा, मांजर, आणि मग रोग. त्यांतलाही एक पिसं फुगवून बसलेला दिसला. मी म्हटलं, आता पुरे, घरात चल. तो ऐकेना. त्याला सुचलं की आपण हाक मारावी. लहानपणी तो लाव्याची हुबेहूब शीळ घालायचा, आई फसायची. तो नव्या खुराड्याजवळ जाऊन उभा राहिला, रानाच्या त्या टोकाला, आणि तोंडाजवळ हात धरून शीळ घालायला लागला. मी माझ्या बादलीवर होते. राखेवर दोन लावे उरले होते. ते बोलत होते, कोयली, कोयली, आणि उत्तरासाठी थांबत होते.

तिकडून काहीच येत नव्हतं. दात गेलेत त्याचे, ओठांत जोर नाही. नुसती हवा निघत होती, आणि त्याला ते कळायला कान नाहीत. तो गाल फुगवून फुगवून, मान वर करून हाका मारत होता.

मग त्याने तिथून मला ओरडून विचारलं, "व्हर्ना, येतायत का माझ्याकडे?"

मी उठून त्याच्यापर्यंत चालत गेले, कारण हे लांबून ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, नाही, डेल्मस, येत नाहीत.

त्याने मान हलवली, ओठ पुसले आणि पुन्हा तोंडाजवळ हात धरले.