घरातल्याची पहिली गोळी

मी इंग्रजी शिकवतो आणि मला हरायला आवडत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस काय करून बसतो, ते मेडशीत स्टँडजवळच्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मला कळलं.

दुकान माझ्या मित्राचं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात, तो जुनी तार उपसून नवी भरतो. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी. तेव्हा आम्ही दोघं बाकावर पट मांडून लढाई खेळतो. पटावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सहा कोनांचे खण, त्यांत टेकड्या, नाले, दगडी घरं छापलेली. पुठ्ठ्याचे तुकडे म्हणजे सैनिकांच्या तुकड्या, आणि निकाल फाशांवर. पुण्याच्या चुलतभावानं हा खेळ मला दिला. एकट्यानं कुणाशी खेळणार, म्हणून मी मित्राला ओढलं.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षराचं. मित्र दहावीला इंग्रजीतच अडकलेला. म्हणून मी वाचून मराठीत सांगायचं आणि त्यानं वहीत लिहून घ्यायचं, अशी आमची वाटणी. शेजारच्या खणातून थेट शत्रूच्या खणात घुसण्याच्या नियमाला त्यानं वहीत नाव दिलं होतं, 'अंगावर जाणं'. पुस्तकातल्या नावापेक्षा मला ते आजही सरस वाटतं.

अंगावर जाण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आधी लांबून गोळीबार करून आतल्यांना दबवायचा, मग दोन बाजूंनी एकदम घुसायचा. मी पडलो भिंतीआड दबा धरून बसणारा. पण पुस्तकाप्रमाणे शत्रू एकदा आत घुसला की भिंतीचा आधार संपतो. दोघांनी एकाच वेळी फासे टाकायचे आणि आपापलं नुकसान सोसायचं. असा मी तीन रविवार हरलो. चौथ्या रविवारी माझ्याकडे शेवटचं दगडी घर उरलं होतं आणि त्याच्या तीन तुकड्या दारात येऊन ठेपल्या होत्या. तो फासे उचलणार, एवढ्यात मी म्हणालो, "थांब भाऊ. घरातले आधी गोळी झाडतात. त्यातून जे वाचतील, त्यांनीच फासे टाकायचे."

उचलली जीभ लावली टाळ्याला.

"पुस्तकात हाय?" त्यानं विचारलं.

"आहे ना."

"मंग आजवर आपुन चुकीचंच खेळलो," म्हणत त्यानं वही काढली आणि लिहून घेतलं. कुठल्या पानावर आहे, हेसुद्धा विचारलं नाही. त्याच्या दोन तुकड्या मी दारातच कापल्या आणि तो डाव जिंकलो.

घरी जाताना मनाशी म्हटलं, नियम दोघांनाही सारखाच आहे की! नियम सारखा होता, आम्ही सारखे नव्हतो. घरात बसणं माझा स्वभाव आणि घुसणं त्याचा. त्या एका ओळीनं मी त्याचा सगळा खेळ मारला. हळूहळू त्यानं अंगावर जाणं सोडलं. लांबूनच गोळ्या झाडत बसायचा आणि हरायचा. "मले जमत नाई आता, सर," म्हणायचा. पाच वर्षं मी ते ऐकून घेतलं, वर धीर धरून खेळण्याचा सल्लाही दिला. लाज वाटत नव्हती असं नाही, पण जिंकायची सवय लाजेपेक्षा चिवट निघाली.

गेल्या दिवाळीत त्याची मुलगी सुट्टीला आली. अकोल्याला कॉलेजात आहे. त्याआधी शाळेत ती माझ्याच वर्गात होती. अंदाजानं अर्थ सांगितला की मी तिला रागवायचो, "पानावर काय आहे ते वाच. मनातलं वाचू नको." त्या रविवारी मी दुकानात पोचलो तर बापलेकीचा वाद रंगलेला आणि तिच्या मांडीवर नियमांचं पुस्तक उघडं.

"सर, हिले सांगा बरं," मित्र म्हणाला. "कालपासून माह्यं डोकं खाऊन राह्यली. म्हन्ते, घरातल्याची पयली गोळी पुस्तकात नाईच. म्या म्हनलं, सरानं सांगतलं थे खोटं असन काय? तुले इंग्रजी शिकोलं कोनं?"

तिनं पुस्तक माझ्यापुढे धरलं. बोट बरोबर त्या ओळीवर. "दोघं एकाच वेळी, असंच हाय ना सर?" आवाजात हट्ट नव्हता. वर्गात विचारायची, तसंच तिनं विचारलं.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण मित्र माझ्याकडे पाहत होता, आणि त्याला माझ्या उत्तराची इतकी खात्री होती की माझा धीर सुटला.

"अगं, वाक्य नीट वाच," मी म्हणालो. "हे फक्त उघड्या मैदानासाठी आहे. तू घाईत वाचलंस."

ती थोडा वेळ पानाकडे बघत राहिली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "माह्यंच चुकलं असन, सर." आणि चहा सांगायला गेली. मित्र खूश झाला.

मित्राला पाच वर्षं फसवलं, त्याहून हे वाईट होतं. मी जिला वाचायला शिकवलं तिनं बरोबर वाचलं, आणि मीच तिला चूक ठरवलं. सुट्टी संपली, ती अकोल्याला परतली, शाळा उघडली. धडा वाचता वाचता एका मुलीनं "बरोबर हाय ना, सर?" असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी मी ती ओळ दोनदा वाचली.

पुढच्या रविवारी मी पट मांडू दिला नाही. मित्र मोटारीला वार्निश लावत होता. मी सरळ सांगून टाकलं, "ती ओळ पुस्तकात नाही. हरत होतो म्हणून मी रचली."

त्याचा हात थांबला. "पाच वर्सं," तो म्हणाला. ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाला, "मले फसोलं थे जाऊ द्या, खेळच हाय. पन माह्या पोरीले काहून खोटं पाडलं?"

त्यानं माझ्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं.

"लावा फोन तिले."

त्याचे हात वार्निशनं माखलेले. त्यानं नंबर तोंडानं सांगितला, मी माझ्या फोनवरून लावला. स्पीकर चालू करायची खूण त्यानं केली आणि मी फोन बाकावर ठेवला.

"हां सर?" तिचा आवाज आला.

"त्या दिवशी तू बरोबर वाचलं होतंस," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

"मले मालूम होतं, सर," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "पन बाबाले सांगू नका. थे तुमाले लय मानतात. त्याइले सहन नाई होनार."

मी मित्राकडे पाहिलं. तो खाली मान घालून परत वार्निश लावू लागला होता.