थोरल्याचा घाव आधी

थोरल्याचा हात उठताना धाकट्याला कधी दिसलाच नाही. दिसायचं ते नंतरचं. गॅरेजची फरशी, तिच्यावरचे ऑइलचे डाग आणि त्या डागांत टपटपणारं स्वतःच्या नाकातलं रक्त. अपघातात चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करायच्या, हा दोघा भावांचा धंदा. मडगार्डवर हातोडी जरा जोरात बसली, पुट्टीचा थर जाड झाला, गिऱ्हाइकाशी दोन शब्द चढून बोलला, की धाकट्याच्या कानाखाली जाळ निघालाच. एकदा पान्याने मनगट सुजवलं, एकदा ओठ फाडला, एकदा गाडीच्या उघड्या दारावर असा आपटला की खालची बरगडी कायमची दुखरी झाली. मग संध्याकाळी तोच थोरला औषधाच्या दुकानातून मलम आणायचा आणि स्वतःच्या हाताने चोळायचा. तोंडाने शिव्या चालूच. या माणसाचं करायचं काय, हे कुणालाच कळत नसे, धाकट्याला तर मुळीच नाही.

बरं, धाकटा काही काडीपैलवान नव्हता. गाडीचा गिअरबॉक्स एकटा उचलून बाकावर ठेवायचा. मनात आणलं असतं तर त्याने थोरल्याची कणीक तिंबली असती. पण मनात आणणार कसं? आईबाप एका स्कूटरवर बसून घराबाहेर पडले आणि एका ट्रकखाली एकदमच गेले, तेव्हा धाकटा दुसरीत होता. थोरल्याने दप्तर फेकलं, हातोडी धरली आणि या पोराला न्हाऊमाखू घालून मोठं केलं. दादा नसता तर आपण आज कुठे असतो, हे वाक्य धाकट्याच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की मार खातानाही तेच आठवायचं. उपकार खरे होते, आणि मारही खराच होता.

दोघांना बांधून ठेवणारी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे कार्डांचा खेळ. राक्षस, घोडेस्वार, विषारी किडे, पंखवाले वाघ, असली चित्रं असलेली कार्डं. आईबाप गेल्यावर धाकट्याला गुंतवून ठेवायला थोरल्याने कुठूनसा एक जुना गठ्ठा पैदा केला होता. तेव्हापासून रोज दुपारी डबे उरकले की उलट्या पिंपावर डाव मांडला जायचा. एकाने आपलं कार्ड चाल करून पाठवायचं, दुसऱ्याने आपलं आडवं घालायचं, आणि दोन्ही कार्डांनी एकमेकांना हाणायचं. ज्याचा जीव संपला ते मेलेल्यांच्या ढिगात. इथवर पोरखेळ. खरी गंमत कार्डांच्या गुणांची. विषारी कार्डाचा नुसता ओरखडा लागला तरी डोंगराएवढा राक्षस आडवा होतो. पण समोरच्याकडे ‘पहिला घाव’ हा गुण असेल तर तो आधी मारतो, आणि विष डंख मारायच्या आतच ढिगात जातं. मेलेल्याला उलटा वार करता येत नाही.

आणि दोघांकडेही पहिला घाव असला तर? त्याचाही नियम थोरल्याने लहानपणीच सांगून ठेवला होता. थोरल्याचा घाव आधी. धाकट्याची भालेवाली राणी दादाच्या घोडेस्वारासमोर कितीदा मेली त्याला गणती नाही. राणी ढिगात, घोडेस्वाराच्या अंगावर खरचटलेलंही नाही. धाकट्याने त्यावर कधी हूं की चूं केलं नाही. मोठा भाऊ आधी, यात विचारायचं काय?

वहिनीने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, मात्र एकदा विचारलं होतं. तोंडाने नाही, अंगाने. धाकट्यावर हात उठलेला पाहून ती मध्ये पडली. खेळात ‘तुडवण’ नावाचा एक गुण आहे. आडव्या आलेल्याला मारून उरलेला जोर मागच्यावर जाऊन पडतो. त्या दिवशी तसंच झालं. तडाखा वहिनीच्या कानावर बसला, कानातलं ओढलं जाऊन पाळी फाटली, आणि उरलेला जोर धाकट्याच्या डोळ्यावर. टाके घालून घेताना वहिनी दातओठ खात एवढंच म्हणाली, "यांच्यापुढे आडवं येऊन उपयोग नाही." पुन्हा ती मध्ये पडली नाही.

धाकट्याची बायको कपडे शिवण्याच्या कारखान्यात कापड बेतायची. हातात कात्री, आणि जिभेलाही धार. ती पोटुशी होती. एक दिवस नवरा आपलाच दात रुमालात बांधून घरी आला, तेव्हा तिने त्याला समोर बसवलं.

"हे बघ, दादाला मार असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात एकाने हात उचलायचा आणि दुसऱ्याने मान खाली घालून उभं राहायचं, त्या घरात माझं लेकरू वाढणार नाही. पुढच्या वेळी असा आलास की मी चालले आईकडे. परत यायची नाही."

"अगं, दादा आहे तो."

"म्हणूनच सांगतेय."

ती पोकळ धमकी देणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून भरलेली पिशवी कपाटाशेजारी उभी राहिली. धाकट्याने सकाळी ती पिशवी पाहायची, चहा प्यायचा आणि गॅरेजला जायचं, असं सुरू झालं.

त्याच सुमाराला कोपऱ्यावर या कार्डांचं दुकान उघडलं. सुट्टीच्या दिवशी तिथे स्पर्धा व्हायची. धाकटा आपला गठ्ठा घेऊन गेला. समोर बसला टक्कल पडलेला एक बस ड्रायव्हर. डाव रंगात आला, आणि ड्रायव्हरचा घोडेस्वार नि धाकट्याची राणी भिडली. दोघांकडेही पहिला घाव. धाकट्याने मुकाट्याने राणी उचलली आणि ढिगात टाकली.

"अहो, हे काय करताय?" ड्रायव्हर म्हणाला.

"मेली ना ती."

"आणि माझा?"

"तो कसा मरेल? तुम्ही वयाने मोठे ना."

ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या टकलावरून हात फिरवला, आणि असा हसला की शेजारच्या टेबलांवरचे डाव थांबले. बातमी दुकानभर झाली. कुणी म्हणालं, आधी सांगितलं असतं तर आजोबांना घेऊन आलो असतो. दुकानवाली बाई तेवढी हसली नाही. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "दोघांकडे पहिला घाव असला की दोघं एकाच वेळी मारतात, आणि दोघंही मरतात. कोण मोठं कोण लहान, ते कार्डाला काय ठाऊक? तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

"दादाने," धाकटा म्हणाला. त्याचे कान तापले होते. घरी जाताना त्याला फुकट मेलेल्या राण्या आठवत राहिल्या. संतापायला खरं तर काय कमी होतं? फुटलेलं नाक होतं, बरगडी होती, रुमालातला दात होता. पण हा बहाद्दर संतापला तो कार्डावरून.

दुसऱ्या दिवशी पिंपावर डाव मांडला गेला. थोरल्याचा घोडेस्वार चाल करून आला, राणी आडवी गेली.

"उचल," थोरला डब्याचं झाकण लावत म्हणाला.

"दोन्ही उचलायची, दादा."

"काय?"

"दोघांचा घाव एकदम बसतो. दोघंही मरतात. दुकानात सगळे हसले मला."

"मला नियम शिकवतोस? उचल म्हटलं ना, बारक्या."

"तुझाही उचल."

थोरला लालबुंद होणार हे ठरलेलं. पण त्याआधी क्षणभर तो पांढराफटक पडला. धाकट्याने ते पाहिलं, पण अर्थ लावायला सवड मिळाली नाही. लाथेसरशी पिंप उडालं, कार्डं ऑइलमध्ये पसरली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच धाकट्याला दादाचा हात उठताना दिसला. खांदा मागे गेला, कोपर वळलं. मुठीत हातोडी होती.

आजवर धाकटा थांबायचा. घाव बसू द्यायचा, मग खाली बसायचा, मग सगळं निवायचं. आज तो थांबला नाही. हातोडी आली तशी त्याची मूठ गेली.

दोन्ही एकदम बसले. हातोडी धाकट्याच्या डाव्या खांद्याच्या हाडावर उतरली आणि हाड कडकन मोडलं. त्याच क्षणी त्याची मूठ थोरल्याच्या जबड्यावर बसली. जबडा गेला, आणि जबड्याबरोबर मुठीतली हाडंही गेली. थोरला मागे जाऊन लोखंडी बाकावर आपटला, डोक्याची कातडी फाटली, रक्ताने डोळे भरले. इथे तरी संपायला हवं होतं. पण इतकी वर्षं तुंबलेलं ते, एका ठोशात कसं संपणार? धाकट्याने मोडक्या मुठीनेच आणखी हाणलं. "ही राणीची! ही वहिनीच्या कानाची!" थोरल्याने त्याचा मोडका खांदा पकडून पिळला, धाकटा गुरासारखा ओरडला आणि त्याच्या बरगडीत गुडघा घातला. थोरल्याने रक्त आणि दात एकत्र थुंकले, दोन्ही हातांनी त्याचा गळा आवळला, आणि दोघे ऑइलमध्ये लोळत एकमेकांचा जीव घेऊ लागले. शेवटी आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या वहिनीने गाड्या धुवायचा पाइप दोघांच्या तोंडावर सोडला आणि दोघे धापा टाकत एकमेकांना सोडेपर्यंत धरून ठेवला.

दवाखान्यात एकच खोली रिकामी होती, म्हणून दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर टाकलं. थोरल्याचा जबडा तारांनी आवळलेला, डोक्याला टाके. धाकट्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डावा गळ्यात. वहिनीने ऑइलने माखलेली कार्डं पुसून आणली होती. मधल्या टेबलावर तिने घोडेस्वार आणि राणी समोरासमोर मांडली, बाकीचा गठ्ठा शेजारी आपटला. "घ्या, खेळा. याच्यासाठी मरत होता ना?"

धाकट्याची बायको दारात उभी होती. खांद्यावर ती पिशवी. "मी मार थांबव म्हटलं होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "मुडदे पाडा म्हटलं नव्हतं."

बोलला तो थोरला. आवळलेल्या दातांतून शब्द चिरडून येत होते.

"खरा नियम मला माहीत होता. पहिल्या दिवसापासून."

"मग?" धाकट्याने विचारलं.

"पहिल्याच डावात दोन्ही मेली. मी दोन्ही ढिगात टाकली, तर तू ओरडायला लागलास. दोघांनी एकदम नाही मरायचं, दोघांनी एकदम नाही मरायचं. गप्पच बसेनास. ताप चढला तुला. मग म्हटलं, बरं, माझा नाही मरत. मोठा मागे राहतो. तेव्हा कुठे झोपलास."

धाकट्याला यातलं काहीच आठवत नव्हतं. आईबापांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नसेल. दुकानातून आल्यापासून ज्याला तो लबाडी समजत होता, ती त्याच्याचसाठी केलेली होती. वहिनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागली. आता सगळ्यांनी मनसोक्त रडायचं आणि झालंगेलं विसरायचं, असाच एकूण बेत दिसत होता. पण धाकट्याची बायको दारातून आत आली.

"कार्डाचं समजलं, भाऊजी," ती म्हणाली. "आणि हात? तो कोण रडलं म्हणून उठायचा?"

थोरल्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. सुजलेल्या गालावरून पाणी ओघळलं ते त्याने पुसलं नाही.

"त्याला कारण नव्हतं," तो म्हणाला.

मग धाकट्याने हनुवटीने टेबलाकडे खूण केली. "दोन्ही उचल, दादा. मी आता रडत नाही."

थोरल्याने हात लांब केला. आधी घोडेस्वार उचलला, मग राणी, आणि दोन्ही बाजूला ठेवली. टेबल रिकामं झालं.

"आता डाव कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझा," धाकटा म्हणाला. पण त्याला कार्ड ओढायला हात कुठे होता? त्याने बायकोकडे पाहिलं. ती तशीच उभी राहिली, पिशवीचा बंद मुठीत आवळून. मग तिने पिशवी खाटेखाली सरकवली आणि त्याच्यासाठी वरचं कार्ड ओढलं.